दचकणारा खांदा
शिवारातून : शिवारकर

हरभरा घाट्यावर आला की नायगाव, बिलोली, मुखेडच्या शिवारात जागल सुरू होते. डबे बडवून, फटाके फोडून, कुंपणाला जुन्या साड्या बांधून झाल्या की रानडुकरं त्यालाही सरावतात आणि पारावर बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतो. त्यात नवं काही नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातच पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. वनखात्याची परवानगी हा पुढचा वेगळा टप्पा. पण परवाना कसा मिळवायचा यावर जेवढं बोललं जातं, त्याच्या पावभरही ‘बार टाकायला कोण शिकवणार’ यावर बोललं जात नाही.

नवशिक्याचा बार बहुधा जनावरामुळे चुकत नाही, त्याच्याच अंगामुळे चुकतो. चाप ओढायच्या क्षणभर आधी डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, बोट झटका देतं आणि नळीचं तोंड खाली जातं. यात भित्रेपणा नाही. कानाशी मोठा आवाज होणार हे कळल्यावर कुणाचंही शरीर स्वतःला सावरायला बघणारच. म्हणून ‘घाबरू नको रे’ असं ओरडून उपयोग नसतो.

हा दोष काडतुसाच्या बंदुकीत बऱ्याचदा झाकला जातो, कारण चाप आणि बार यांत जाणवण्याजोगं अंतरच नसतं. चकमकीची बंदूक मात्र तो उघडा पाडते. तिचा घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या प्याल्यातल्या रंजकावर पडतात, रंजक भडकतं, आग कानातून आत शिरते आणि मग मुख्य बार उडतो. हे सगळं डोळ्यांपासून वीतभर अंतरावर! भडका दिसल्यापासून बार होईपर्यंतचा तो पळ सरळ नजरेने काढायचा असतो. ज्याला तो निघत नाही, त्याचा नेम तिथेच सुटतो. पक्षीसुद्धा भडका बघून निसटतात, या वैतागातून अलेक्झांडर फोरसिथ या स्कॉटिश पाद्र्याने ठिणगीऐवजी ठोक्याने पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या टोपीच्या ठासणीच्या बंदुका त्याच वाटेने आल्या.

नायगावहून उदगीर काही लांब नाही. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवलं. फ्रेंचांच्या कवायतीत तयार झालेल्या गारद्यांच्या पलटणींचा तो काळ. रांगेतल्या शिपायाला नेमाची फारशी चिंता नसे. हुकूम झाला की सगळ्यांनी एकदम झाडायचं. दहाजण दचकले तरी बाकीच्यांच्या गोळ्या पुढे जात. रात्री वावरात एकट्या उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पाठीशी अशी रांग नसते आणि चुकलेले छर्रे शेजारच्या आखाड्यावरही जाऊ शकतात.

दचकणं घालवायची रीत साधी, पण कंटाळवाणी आहे. चकमकीच्या बंदुकीत आधी गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवायचा आणि नळी रिकामी ठेवून चाप ओढत राहायचं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी हलली का, एवढंच बघायचं. मग नळी रिकामीच ठेवून फक्त रंजक पेटवायचं, म्हणजे डोळा भडक्याला सरावतो. त्यानंतर हलका बार, कानात बोळे घालून. घोडा पडल्यावरही नजर माशीवरून काढायची नाही. 2024 मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या क्रीडाप्रकारातही गोळीविना चाप ओढण्याच्या सरावाला मोठी जागा आहे. आपल्याला मात्र पहिल्याच दिवशी धडाका हवा असतो.

दुनळी बंदुकीत आणखी एक भानगड. पहिल्या नळीच्या धक्क्याने दुसऱ्या नळीतला ठासलेला माल पुढे सरकू शकतो. दारू आणि छर्रे यांच्यात पोकळी राहिली तर नळी फाटते. उडालेली नळी पुन्हा भरताना दुसरीतलं रंजक काढलेलं नसेल, तर ठासणाऱ्याचा हात भरलेल्या नळीच्या तोंडाशी असतो. घाईत एकाच नळीत दोनदा दारू पडते. त्यासाठी दर वेळी गज घालून खोली पडताळायची. हे भय मोडायचं नाही, जपायचं. मोडायचं ते फक्त खांद्यातलं. दोन्ही भयांना एकाच मापाने मोजणारे ‘मर्दानी’ गुरू मला धोकादायक वाटतात.

2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षण घ्यायला सांगितलं आहे. त्यात हाताळणी येते, गोळीबाराची पद्धतही येते. ते कागदावर उरकू नये एवढीच मागणी. रब्बीच्या तोंडावर तालुक्याच्या ठिकाणी पोलिसांच्या देखरेखीखाली दोन दिवस ठेवावेत, आणि पहिल्या दिवशी कुणाच्याही हाती दारू देऊ नये.