सोपा बार, खरा बार

ठासणीची बंदूक म्हटली की आपल्या कोकणात रानडुकरांपासून शेत राखणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र तिच्यासाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो, आणि तिथे वाद जुनाच: बार पेटवायचा कशाने? चकमकीने, अकरा नंबरच्या चिमुकल्या केपेने, मोठ्या मस्केट केपेने, की २०९ नंबरच्या शॉटगन प्रायमरने? सोपे साधन घेणे म्हणजे जुन्या विद्येशी प्रतारणा, असे शुद्धतावादी म्हणतात.

मला हे पटत नाही. ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट १८०७ साली घेणारा अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटिश पाद्री स्वतः शिकारी होता. रंजकीचा भडका दिसला की पाखरे उडून जात, म्हणून त्याने हा खटाटोप केला. म्हणजे आजची परंपरा ही कालची सोयच की!

थंडीने बधिरलेल्या बोटांतून अकरा नंबरची केप निसटते. मस्केट केप धरायला सोपी आणि तिची ज्वाळाही जोरकस. २०९ तर त्याहून जोरकस, पण काही राज्यांच्या नियमांत ती बसत नाही. पेनसिल्व्हानियाने १९७४ साली खास चकमकीच्या बंदुकांसाठी हंगाम सुरू केला. अशा ठिकाणी नियम पाळावा, हे उघड आहे. इतरत्र मात्र नियमात बसेल ते सोपे साधन बेलाशक घ्यावे. बार उशिरा उडाला की नेम ढळतो आणि जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते. आपल्या हौसेची किंमत त्या मुक्या जिवाने का मोजावी?