विश्लेषण : कॅल्शियममुळे कडक झालेल्या हृदयवाहिनीसाठी बलून, ड्रिल की ध्वनिलहरी? हे ठरते कसे?

हृदयाच्या रक्तवाहिनीत कॅल्शियम साचून ती कडक झाली असेल, तर थेट स्टेंट बसवून भागत नाही. आधी तो थर खरवडावा किंवा फोडावा लागतो. त्यासाठीची उपकरणे महाग आहेत. कोणत्या रुग्णाला कोणते लागेल, हे ठरवण्यासाठी आता वाहिनीच्या आतून प्रतिमा घेण्यावर भर दिला जात आहे.

अडचण काय?
वाढते वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार यांमुळे कॅल्शियम साचण्याचे प्रमाण वाढते. अशा वाहिनीत स्टेंट पूर्ण उघडत नाही. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा किंवा गुठळी होण्याचा धोका अधिक असतो. बसवलेला स्टेंट सहजी काढता येत नाही, म्हणून तयारी आधीच करावी लागते.

अँजिओग्राफी पुरेशी का नाही?
अँजिओग्राफीत वाहिनीची केवळ सावली दिसते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५५ अडथळे तपासले गेले. अँजिओग्राफीत ३८ टक्के, तर आतून केलेल्या सोनोग्राफीत (आयव्हीयूएस) ७३ टक्के अडथळ्यांत कॅल्शियम आढळले. प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या ओसीटी तपासणीत थराची जाडीही मोजता येते. मात्र त्यासाठी कॉन्ट्रास्ट द्रव्य लागते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असल्यास जपून निर्णय घ्यावा लागतो.

उपकरण कसे निवडतात?
ओसीटीत कॅल्शियमने वाहिनीचा निम्म्याहून अधिक घेर व्यापला असेल, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा आणि लांबी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर स्टेंट नीट न उघडण्याची भीती असते. थर पातळ किंवा तुटक असल्यास उच्च दाबाचा अथवा पाती असलेला बलून पुरू शकतो. जाड आणि खोलवरच्या थरासाठी ध्वनिलहरींनी तडे पाडणारे लिथोट्रिप्सी तंत्र वापरतात. मुतखडा फोडण्याच्या तंत्राचेच हे रूप. वाट इतकी अरुंद असेल की बलून किंवा प्रतिमा घेणारी नळीही पुढे सरकत नाही, तर हिरकणी लावलेले फिरते टोक (रोटॅब्लेशन) आधी वापरावे लागते. त्यात वाहिनीला छिद्र पडण्याचा धोकाही असतो.

महागडे उपकरण म्हणजे चांगला परिणाम?
तसे नाही. अमेरिकेतील ‘एक्लिप्स’ चाचणीत कॅल्शियमचा थर जास्त असलेले सुमारे दोन हजार रुग्ण होते. दोन्ही मार्ग शक्य वाटणाऱ्या या रुग्णांपैकी काहींमध्ये ऑर्बिटल अथेरेक्टमीने थर खरवडला गेला, तर इतरांमध्ये फक्त बलून वापरला गेला. एका वर्षानंतर खरवडण्याचा सरसकट फायदा दिसला नाही. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी आतून प्रतिमा घेण्याची ठाम शिफारस आहे.

रुग्णांनी काय विचारावे?
भारतात फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आहे. ती या उपकरणांना लागू नाही. त्यामुळे बिल वाढू शकते. तातडीची स्थिती नसेल, तर ‘आतून तपासणी होणार का, त्यात काय दिसले आणि हेच उपकरण का?’ हे डॉक्टरांना आधीच विचारावे.