मिसळीच्या टेबलावर डायपर

रविवार सकाळ म्हणजे नाशिककरांची सहकुटुंब मिसळ. नंबर लावून ताटकळायचीही तयारी असते. अशा गर्दीत तान्ह्या बाळाने डायपर भरला, तर आईबापांनी जायचे कुठे? बहुतेक ठिकाणी बाळाला आडवे करायला साधी फळी नसते, स्वच्छतागृहाची फरशी कायम ओली. मग खाण्याच्या टेबलावरच दुपटे अंथरले जाते.

अडचण खरी आहे. तरीही हे चालणार नाही. शेजारी कोणी रश्श्यात पाव बुडवत असतो आणि त्याच टेबलावर पुढचे गिऱ्हाईक बसायचे असते. गाडीची मागची सीट, आवारातला आडोशाचा बाक, काहीही बरे. वापरलेला डायपर टेबलाखाली सरकवून निघून जाणे तर निव्वळ उद्धटपणा. तो उचलतो वेटर, ज्याच्या हातून पुढची ताटे यायची असतात. घनकचरा नियमांनी 2016 सालीच सांगितले आहे की डायपर नीट गुंडाळून टाकावा. घंटागाडीवरच्या माणसालाही हात असतात.

सार्वजनिक इमारतींत स्तनपान व बालसंगोपनासाठी जागा असावी, असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये धरला. खासगी हॉटेलांनी आदेशाची वाट कशाला पाहावी? सिंहस्थात देशभरातून लेकुरवाळी कुटुंबे येतील. त्याआधी भिंतीला घडीची फळी आणि झाकणाची बादली बसवा. आणि हो, पुरुषांच्या स्वच्छतागृहातही.