प्रयोगवहीतील खोडलेले आकडे

संस्थेच्या स्मरणिकेत गौरवाबरोबर एखादी अपेक्षाही नोंदवली जावी, असे आम्हांस वाटते. आमची अपेक्षा विज्ञानाच्या प्रयोगवहीसंबंधी आहे.

विकर, म्हणजे एन्झाइम, ज्या पदार्थावर कार्य करते त्याची संहती वाढवली, की आरंभी अभिक्रियेचा वेग जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. पुढे वाढ मंदावते आणि अखेर वेग स्थिरावतो. विकराच्या रेणूंवरील क्रियाशील स्थाने मोजकीच असतात; ती सर्व व्यापली गेली, की उरलेल्या रेणूंना थांबावेच लागते. विद्यार्थी हे अचूक सांगतात. परंतु त्यांच्या वहीतील आलेख बहुधा फळ्यावरून उतरवलेला असतो, मोजून काढलेला नसतो.

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेजवरील आपले प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध केले. त्यांची प्रयोगशाळा बर्लिनच्या एका नगरपालिका रुग्णालयातील लहानशी खोली होती. त्यांचे सामर्थ्य काटेकोर मोजमापात होते.

असे मोजमाप आपल्या मुलांनाही साधेल. बटाट्याच्या रसात कॅटालेज हे विकर असते. गाळणकागदाच्या सारख्या चकत्या त्या रसात भिजवून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या कमीअधिक संहतीच्या द्रावणांत सोडाव्यात. तळाशी गेलेली चकती ऑक्सिजनच्या बुडबुड्यांमुळे वर येते. तो वेळ सेकंदांत मोजावा. डोळ्यांना चष्मा आणि जवळ शिक्षक, एवढी दक्षता मात्र हवीच.

मोजलेला आकडा पुस्तकाशी जुळला नाही, की मूल तो खोडून 'बरोबर' आकडा लिहिते, कारण गुण त्यालाच मिळतात. आमच्या मते खरी हानी येथेच होते. ज्यांच्या घरात विज्ञान शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवण्यास शाळेतच शिकावे, हे आम्हांस मान्य नाही. न जुळलेला आकडा तसाच ठेवून त्याचे कारण शोधणाऱ्यास अधिक गुण मिळावेत.

निवासी शाळेजवळ संध्याकाळचा वेळ असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रयोगशाळेचे कुलूप उघडावे, माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तेथे उभे राहावे आणि पालकांनी गुणपत्रिकेइतक्याच आस्थेने मुलांची प्रयोगवही पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.