‘स्वमग्न’ कोण?

शब्द चुकला म्हणजे विचारहि चुकतो, याचें ढळढळीत उदाहरण म्हणजे ‘स्वमग्न’ हा शब्द होय. ब्लॉयलर नामक स्विस मनोवैद्यानें ग्रीक भाषेंतील ‘स्व’वाचक शब्दावरून एक संज्ञा घडविली, १९४३ सालीं अमेरिकेंत डॉ. लिओ कॅनर यांनीं ती अकरा मुलांच्या वर्णनास लावली. आणि आमच्या भाषेनें तिचें इमानेंइतबारें भाषांतर केलें. परंतु ज्या मुलास मुंबई-पुणें लोहमार्गावरील प्रत्येक स्टेशन व गाड्यांच्या वेळा मुखोद्गत आहेत, तो ‘स्व’मध्यें मग्न आहे, असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? तो तर स्वतःस विसरून जगाच्या एका तुकड्यांत बुडालेला आहे. उलट त्याच्या पुढ्यांत बसून ‘माझ्या डोळ्यांकडे बघ’ असा धोशा लावणाऱ्या वडीलमंडळींसच हें विशेषण अधिक शोभेल.

अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें २०१३ सालीं काढलेल्या निदानग्रंथांत असामान्य तीव्रतेचे, एकाच विषयास खिळलेले छंद हें या अवस्थेचें एक लक्षण म्हणून दिलें आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती लक्षणास दोष समजून खरवडून काढूं पाहणाऱ्यांविषयीं. आमच्या सुशिक्षित घरांत सोळा वर्षांचा मुलगा दिवसाचे बारा तास प्रवेशपरीक्षेचीं गणितें घोकतो, मित्र सोडतो, खेळ सोडतो. त्यास तपश्चर्या म्हणतात. दुसरा तितक्याच निष्ठेनें विजेच्या पंख्यांचे प्रकार अभ्यासतो. त्याचें खूळ घालविण्याचे उपाय सुरू होतात. पहिल्याचा विषय आईबापांनीं निवडला, दुसऱ्याचा त्यानें स्वतः, फरक एवढाच. (ही अतिशयोक्ति आहे खरी, पण फार नव्हे.)

टेंपल ग्रँडिन या विदुषीनें मुलगी असतांना ॲरिझोनांतील एका नातलग बाईंच्या मळ्यावर गुरांचा खोडा पाहिला. दोन्ही बाजूंनीं दाब पडतांच कित्येक बुजरीं जनावरें शांत होतात, हें हेरून तिनें तसाच खोडा स्वतःकरितां बनविला. शाळेंतील मानसशास्त्रज्ञांस तो प्रकार विकृत वाटला व तो काढून टाकावा असें त्यांचें मत पडलें. विल्यम कार्लॉक या विज्ञानशिक्षकानें मात्र, दाबानें मन शांत कां होतें तें शोधून काढ, असें तिला सांगितलें. त्या शोधानें तिला शास्त्रीय ग्रंथांकडे नेलें. पुढें ती पशुविज्ञानाची प्राध्यापिका झाली, आणि गुरांची भीति कमी करणाऱ्या आवारांची रचना करून तिनें कीर्ति मिळविली.

परंतु हें ऐकून ‘मग आमच्या बाळ्याच्या पंख्यांचा पुढें उपयोग काय?’ असें जे विचारतात, त्यांच्याशीं आमचें भांडण अधिकच आहे. रॉन सस्किंड या अमेरिकन पत्रकाराचा मुलगा ओवेन याची वाचा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास लोपली. डिस्नेचे चित्रपट तेवढे तो पुन्हा पुन्हा पाही. एके दिवशीं बापानें ‘अलादीन’मधील इयागो पोपटाचें बाहुलें हातांत चढविलें आणि पोपटाच्याच आवाजांत ‘कसें चाललें आहे तुझें?’ म्हणून विचारलें. मुलगा बोलूं लागला: सुख नाहीं, मित्र नाहींत. २०१४ सालीं बापानें ही हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. येथें उपयोगाचा हिशोब कोणत्या नाण्यांत मांडावयाचा? बापलेकांस एकमेकांशीं बोलावयास भाषा मिळाली!

आणि आम्ही करतों काय? हीच आवडती वस्तु लांचेसारखी वापरतों. दहा शब्द लिहिले तर वही मिळेल; आरडाओरड केली तर ती कपाटांत कुलूपबंद. गोंगाटानें आणि माणसांच्या लहरींनीं गांजलेल्या मुलास वेळापत्रकांत विसांवा मिळतो, कारण पुढें कोणतें स्टेशन येणार हें तेथें आधीं कळतें; माणूस पुढें काय करील हें कळत नाहीं. तो बेचैन झाला असतां नेमकी तीच वही हिरावणें म्हणजे पांगळ्याची कुबडी ओढणें. झोप उडाली, जेवण सुटलें, मुलगा रुळांवर धांवला, तर कुंपण घालावेंच लागेल. त्याविषयीं वाद नाहीं. पण कुंपण बागेभोंवतीं घालतात, बाग उपटीत नाहींत. ज्या गुरुजींस अपूर्णांक शिकवावयाचे असतील, त्यांनीं कल्याणपासून कर्जतपर्यंतचीं स्टेशनें घ्यावीं, गाडी निम्म्या वाटेवर कोठें असेल तें विचारावें, आणि वही विद्यार्थ्याच्याच हातीं राहूं द्यावी.