डिस्कला तेल लावू नका

कुरकुरणाऱ्या दाराला तेल, झोपाळ्याच्या कड्यांना तेल, शिवणयंत्राला तेल. आवाज आला की तेलाची बुधली काढायची, ही आपल्या घरातली रीत. मुलाच्या गिअरच्या सायकलचा डिस्क ब्रेक किंचाळू लागला की हात त्याच बुधलीकडे जातो. कळकळीनं सांगतो, तो हात आवरा. सायकलची चेन, चाकं, पेडल घर्षण कमी असेल तर चांगली चालतात. ब्रेक मात्र घर्षणावरच चालतो. डिस्कवर पडलेलं तेल पॅडमध्ये मुरतं. मग एखादे वेळी आवाज थांबेलही, पण टिळक पुलाच्या उतारावर सायकल थांबणार नाही.

पावसाळ्यातल्या आवाजाचं कारण बहुतेकदा साधं असतं: डिस्क ओली झालेली असते. पॅड तिला क्षणभर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि सारंगीच्या तारेवर गज फिरावा तशी ती थरथरते. दोन-चारदा हलके ब्रेक मारले की डिस्क सुकते, आवाज जातो. त्याला घाबरू नका.

हिंदमाताला तुंबलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात गटारातला गाळ असतो, गाड्यांचं सांडलेलं तेल असतं. डिस्कची खालची कड जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर वर असते. घोटाभर पाण्यातून सायकल ढकलत नेलीत तर चालेल; पाणी पोटरीच्या वर गेलं की डिस्क त्या तेलकट पाण्यात बुडालीच. तेव्हा थांबा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या.

पण डिस्कला तेल लागतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातानं. चाळीच्या गॅलरीत चेनवर स्प्रे मारताना तो उडून मागच्या डिस्कवर बसतो. आधी डिस्कवर जुना कपडा गुंडाळा. सर्व्हिसिंगहून माझी सायकल एकदा आरशासारखी चकचकीत होऊन आली होती; पॉलिशचा फवारा डिस्कवरही बसला होता आणि मागचा ब्रेक जवळजवळ लागतच नव्हता. तेव्हापासून सायकल ताब्यात घेताना मी डिस्कबद्दल आवर्जून विचारतो. तुम्हीही विचारा.

तेल लागलंच असेल तर डिस्क भांड्यांच्या साबणानं धुवा, सुकवा आणि केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं स्वच्छ फडक्यानं पुसा. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. बोटंही लावू नका. पॅड काढून पॉलिश पेपरवर हलके घासा. तेल आत मुरलेले पॅड मात्र सुधारत नाहीत. गॅसवर भाजून पाहायच्या भानगडीत पडू नका, नवे घ्या.

नवे पॅडही सुरुवातीला ओरडतात, कारण ते डिस्कवर बसलेले नसतात. पहाटे शिवाजी पार्कच्या कडेला रस्ता मोकळा असताना वेग घ्या, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर या, पुन्हा वेग घ्या. चाक जाम करू नका. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला प्रत्येकी वीसेक वेळा असं करा. लोक एवढंच करत नाहीत आणि पॅडला नावं ठेवतात.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच घासल्याचा आवाज येत असेल तर डिस्क वाकली आहे. दाटीवाटीच्या जिन्याखाली सायकली एकमेकींवर रेलून उभ्या राहिल्या की हे होतं. मिस्त्रीकडून ती सरळ करून घ्या. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर पॅड संपला आहे. त्याचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा, खरखरीची वाट पाहायची नाही.

मलबार हिलवरून चौपाटीकडे सुटण्याआधी, तीन बत्तीलाच, दोन्ही ब्रेक दाबून पाहा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून चौपाटीपर्यंत चालत जा.