पाणतीर-नौका आणि समाजवाद्यांचा भ्रम

शस्त्र लहान, स्वस्त आणि केवळ संरक्षणाच्या कामाचे असेल, तर समाजवाद्यांनी त्याला विरोध करण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद पुरोगामी वर्तुळांत अधूनमधून डोके वर काढीत असतो. आज तो ड्रोनच्या निमित्ताने मांडला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो पाणतीर-नौकेच्या, म्हणजे टॉर्पेडो बोटीच्या, निमित्ताने मांडला जात होता. हा युक्तिवाद ज्यांना पटतो त्यांनी कैसरच्या जर्मनीतील या नौकांचा जमाखर्च एकदा तपासून पाहावा.

या विचाराचा उगम फ्रान्समधला. प्रचंड खर्चाची चिलखती युद्धनौका एका चिमुकल्या नौकेतून सुटलेल्या पाणतीराने रसातळाला जाऊ शकते, हे ॲडमिरल ओब आणि त्यांच्या अनुयायांनी १८८० नंतरच्या दशकात हिरीरीने मांडले. दुबळ्याला बलाढ्याशी टक्कर देण्याचे साधन मिळाले, या कल्पनेने अनेक लोकशाहीवादी मोहून गेले. जर्मनीतही काप्रिव्ही नौदलाचे प्रमुख असताना, १८८३ ते १८८८ या काळात, किनारा राखण्यासाठी याच नौकांवर भर होता. पाणतीर विभागाची सूत्रे त्या वेळी आल्फ्रेड टिर्पिट्झ या तरुण अधिकाऱ्याकडे होती. हाच टिर्पिट्झ १८९७ मध्ये नौदल खात्याचा सचिव झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने महाकाय युद्धनौकांच्या आरमाराचा कायदा संमत करून घेतला. किनाऱ्याची राखणदार म्हणून जन्मलेली नौका आता त्या आरमाराच्या शेपटीला बांधली गेली. शस्त्राचा हेतू शस्त्राच्या आकारात नसतो. ते ज्याच्या हाती असते तोच त्याचा हेतू ठरवितो, ही साधी गोष्ट त्या भाबड्या मंडळींच्या ध्यानात आली नाही.

जर्मन पाणतीर-नौकांची नावे मोठी बोलकी आहेत. युद्धनौकांना राजे, सेनापती, प्रांत यांची नावे मिळाली. या नौकांना मिळाले एक अक्षर आणि एक क्रमांक, आणि ते अक्षर होते कारखानदाराचे. ‘एस’ म्हणजे एल्बिंगचा शिखाऊ, ‘व्ही’ म्हणजे स्टेटिनचा फुल्कान, ‘जी’ म्हणजे कीलची गेर्मानिया गोदी, जी १९०२ पासून पूर्णपणे क्रुपच्या मालकीची झाली. भांडवलशाहीने आपली मालकी इतक्या निःसंकोचपणे क्वचितच रंगवून ठेवली असेल. १९०६च्या नौदल दुरुस्तीबरोबर या नौकांचे लक्ष्य १४४ ठरले आणि नौकेचे आयुष्य बारा वर्षे धरण्यात आले. भागाकार सोपा आहे: दर वर्षी १२ नव्या नौका. समुद्रावर शांतता असो वा अशांतता, शत्रू असो वा नसो, मोजक्या गोद्यांना दर वर्षी काम मिळण्याची ही तजवीज होती. ज्या नाविक संघाने ‘आरमार हवे’ म्हणून देशभर रान उठविले, त्याच्या १८९८च्या स्थापनेमागे क्रुपचे पाठबळ होते, हा निव्वळ योगायोग मानावयास फारच मोठे मन हवे.

आणि पैसा कोणाचा? १९०९च्या वित्तसुधारणेत सुमारे ५० कोटी मार्कांचा नवा महसूल उभा करावयाचा होता. वारसाकर वाढविण्याची सूचना जमीनदारांच्या पक्षाने व त्याच्या मित्रांनी हाणून पाडली, चॅन्सेलर ब्यूलोला पायउतार व्हावे लागले, आणि कर बसले ते बिअर, दारू, तंबाखू व काडेपेटीवर. चूल पेटविणाऱ्या बाईने प्रत्येक काडीमागे आरमाराला खंडणी दिली.

गोद्यांमुळे कामगारांना रोजगार मिळत होता, असा आक्षेप यावर घेतला जाईल. मिळत होता, यात शंका नाही. पण १९१३च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गपासून गोदीकामगारांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्याच कामगार संघटनेच्या नेतृत्वाने त्यांना वाऱ्यावर सोडले. रोजगाराचे हे औदार्य इतपतच होते.

देशभक्तीचेही तसेच. शिखाऊने चीनसाठी चार वेगवान नौका बांधून दिल्या. १९०० साली ताकू येथे परकीय फौजांनी त्या पकडल्या आणि ब्रिटन, फ्रान्स, रशिया व जर्मनी यांनी एकेक वाटून घेतली. ज्या ग्राहकाकडून किंमत वसूल झाली, त्याच्याच घरातून माल लुटून आणला! रशियाच्या झारलाही जर्मन कारखाने टर्बाइन बनवून देत होते. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ती टर्बाइने अजून जर्मनीतच होती. ती जप्त करून त्यांच्याभोवती ब्लोम उंड फॉस व फुल्कान या गोद्यांनी नव्या, मोठ्या नौका उभारल्या. त्यांतील ब्लोमच्या नौकांचे अक्षर ‘बी’. वाचकांनी हे अक्षर लक्षात ठेवावे.

मरण मात्र खलाशांच्या वाट्याला आले. १७ ऑक्टोबर १९१४ रोजी एस ११५, ११७, ११८ व ११९ या दहा-बारा वर्षांच्या जुन्या नौका टेम्सच्या मुखाशी सुरुंग पेरण्यास धाडण्यात आल्या. टेक्सेल बेटाजवळ इंग्रजांची एक क्रूझर आणि चार विनाशिका यांनी त्यांना गाठले. चारही बुडाल्या, दोनशेहून अधिक माणसे गेली.

सोशल डेमोक्रॅटिक पक्ष या काळात काय करीत होता? ‘या व्यवस्थेला ना माणूस ना पैसा’ ही त्याची जुनी घोषणा. एप्रिल १९१३ मध्ये कार्ल लीब्क्नेख्टने राइशस्टागमध्ये क्रुपच्या लाचखोरीचे वाभाडे काढले, तेव्हा ती अजून जिवंत वाटत होती. पण त्याच वर्षी, बोजा संपत्तीवर पडतो आहे एवढ्या समाधानावर, पक्षाने लष्करी खर्चाच्या करांना मत दिले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याने युद्धकर्जालाच संमती दिली. घसरण अशी पायरीपायरीने झाली, आणि प्रत्येक पायरीवर ‘संरक्षण’ हा शब्द कोरलेला होता.

ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस, युद्ध हरल्याचे स्पष्ट झाले असता, नौदलाच्या सेनानींनी अखेरच्या आत्मघातकी मोहिमेचा घाट घातला. मोठ्या युद्धनौकांवरील खलाशांनी नकार दिला. ‘ट्युरिंगेन’ व ‘हेल्गोलांड’ यांवर भट्ट्या विझल्या. पाणतीर-नौकांवरची माणसे मात्र बहुतांशी हुकूम पाळीत राहिली. तेथे अधिकारी व खलाशी यांचे दाटीवाटीचे, धोक्याचे सहजीवन होते, आणि बंदरात कुजत पडण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ३१ ऑक्टोबरला बी ११० आणि बी ११२ या नौका एका पाणबुडीसह ‘ट्युरिंगेन’समोर येऊन उभ्या ठाकल्या. झारसाठी घडविलेल्या यंत्रांभोवती ज्या वर्गाचा आराखडा बेतला होता, त्या वर्गाच्या नौकांच्या पाणतीर-नळ्या जर्मन कामगारांच्या मुलांवर रोखल्या गेल्या. ‘हेल्गोलांड’ने उलट आपल्या तोफा त्यांच्याकडे वळविल्या. काही क्षण भाऊ भावावर नेम धरून उभा होता. अखेरीस ‘ट्युरिंगेन’वरील बंडखोरांनी शरणागती पत्करली व शेकडो खलाशांना अटक झाली. ठिणगी मात्र विझली नाही, ती कीलला पोहोचली. तेथे ४ नोव्हेंबरला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा गुस्टाव नोस्के आला. संसदेत हाच गृहस्थ लष्करी व नाविक प्रश्नांचा जाणकार म्हणून ओळखला जाई. खलाशांनी त्याचे स्वागत केले. जानेवारी १९१९ मध्ये त्यानेच बर्लिनच्या कामगारांवर फ्रायकोर सोडले.

त्या साली २१ जूनला स्कापा फ्लो येथे नजरकैदेतील जर्मन आरमार जर्मनांनीच बुडविले. बी ११० आणि बी ११२ त्यात होत्या. पुढे कॉक्स नावाच्या एका इंग्रज भंगारवाल्याने त्या वर काढल्या आणि मोडीत काढल्या.